टॅरिफ त्यांचा, सूट आमच्याकडून! बाजार नेमका चालवतो कोण?

उद्यमबागचा_लेथ

नमस्कार मंडळी. आमचं मशीन शॉप बेळगावच्या उद्यमबागेत. शेजारच्या फाउंड्रीतून कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) येतं, आम्ही बोअरिंग-फेसिंग करून परत देतो आणि तो माल फाउंड्रीमार्फत अमेरिकेला जातो. पंपाचे भाग असतात. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं आधी 25 टक्के टॅरिफ म्हणजे आयात कर लावला, आणि भारत रशियाचं तेल घेतो म्हणून महिनाअखेरीस वर आणखी 25. आता तिकडचं गिऱ्हाईक फाउंड्रीवाल्याला म्हणतंय दर कमी करा, आणि फाउंड्रीवाला तेच मला म्हणतोय. रशियाचं तेल मी घेतलेलं नाही. मला कटिंग ऑइल लागतं तेवढंच.

कॉलेजात शिकवलं होतं की दर मागणी-पुरवठ्यावर ठरतो. माझ्या मालाची मागणी घटली नव्हती, पुरवठाही वाढला नव्हता. वॉशिंग्टनमध्ये एक सही झाली आणि इकडं दुसरी पाळी बंद पडली. माझं स्पष्ट मत: बाजार वगैरे थोतांड आहे, सगळं राजकारणच. पटत नसेल त्यांनी समजावून सांगा. आणि सूट द्यावी की नाही तेही सांगा, शनिवारी बोलणी आहेत.

वडगावचा_वाह्यात

कटिंग ऑइल कुठल्या देशाचं हाय ते आधी डब्यावर बघून घे की गा. ट्रम्पतात्या उद्या तपासायला यायचे.

चिकोडीचा_ऊसवाला

लेथराव, तुम्हाला हे 2025 मध्ये कळलं. आम्ही ऊसवाले हे कायम भोगतोय, आणि तेही आपल्याच दिल्लीकडून.

2021-22 च्या हंगामात देशातून 110 लाख टनांच्या आसपास साखर बाहेर गेली. कारखान्यांकडं पैसा आला, बिलं वेळेवर निघाली. मग सरकारला वाटलं, देशात साखर महागेल. पुढच्या हंगामात 60 लाख टनांवर कोटा आला आणि 2023-24 ला निर्यातीचं दारच बंद. कारण काय, तर पाऊस कमी आणि लोकसभा तोंडावर. आता गंमत बघा. 2023 च्या नोव्हेंबरात जगात कच्च्या साखरेचा दर पौंडाला 28 सेंटच्या घरात होता, म्हणजे किलोला साधारण पन्नास रुपये. बारा वर्षांतला उच्चांक. त्याच वेळी आपली साखर गोदामात. पुढच्याच महिन्यात उसाच्या रसापासून इथेनॉल करायलाही बंदी घातली. ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभी केली ते कारखाने बसले.

2025-26 साठी 15 लाख टन निर्यातीला परवानगी मिळाली तेव्हा जगाचा दर आला 15 सेंटच्या खाली-वर. किलोला तिशीही गाठत नाही, आणि कारखान्याच्या दारात दर त्याच्यापेक्षा जास्त. मग कोण पाठवणार? दर होता तेव्हा दार बंद, दार उघडलं तेव्हा दर नाही.

त्यात साखरेचा किमान विक्रीदर किलोला 31 रुपये केला 2019 मध्ये, आणि एफआरपी (कारखान्यानं उसाला द्यायचा सरकारी किमान दर) तेव्हापासून चढतच गेली. 2025-26 ला क्विंटलला 355, तीही 10.25 टक्के साखर उताऱ्याला. ह्या दोन आकड्यांच्या मधे कारखाना चिरडतो आणि कारखान्याच्या खाली आम्ही. आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसला 2025 च्या नोव्हेंबरात ऊसवाले रस्त्यावर बसले ते काय उगाच? मागणी टनाला 3,500 ची होती, सुटलं 3,300 वर.

सध्या_पुणे

ऊसवाले दादा, सगळी बंधनं काढली तर? ना एफआरपी, ना कोटा, ना निर्यातबंदी. 28 सेंट असतील तेव्हा तुम्ही कमवा आणि 15 असतील तेव्हा ऊस लावू नका. तुम्हाला तेजीत बाजार हवाय आणि मंदीत सरकार, असं दिसतंय.

चिकोडीचा_ऊसवाला

पुणेकर, आडसाली ऊस अठरा महिने रानात असतो, खोडवा निराळाच. दर पडला म्हणून रविवारी ॲप बंद केल्यासारखा ऊस बंद करता येत नाही. आणि तेजीत बाजार दिला कुठं? मंदी तेवढी आमच्या वाट्याला खुल्या बाजारानं येते. तुमच्या बिस्किटाचा दर वाढू नये म्हणून तेजी अडवतात, हे तुम्ही लिहिलं नाहीत.

वडगावचा_वाह्यात

बिस्किट नको, कुंद्याचं बोला. साखर महागली की कुंदा महागतोय आणि मग मी पण रस्त्यावर बसतोय.

खडू_डस्टर

लेथ, तुमचा प्रश्न चांगला आहे, पण ‘थोतांड’ मान्य नाही. मी अर्थशास्त्र शिकवलं, निवृत्त होऊन बराच काळ झाला, तरी सवय जात नाही, सांभाळून घ्या.

जगाच्या राजकारणाचा आपल्या मुलखातल्या शेतावर परिणाम ही काही नवी गोष्ट नाही. बेळगाव-धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. इंग्रजांनी लँकेशायरच्या गिरण्यांसाठी अमेरिकन कापसाचं बियाणं इकडं रुजवलं, त्याला नावच पडलं ‘धारवाड-अमेरिकन’. 1861 ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, उत्तरेच्या नौदलानं दक्षिणेची बंदरं अडवली, आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत त्या पैशावर बँका निघाल्या, बॅक बे भरावाचे शेअर्स आकाशाला भिडले. 1865 मध्ये युद्ध संपलं तसं सगळं कोसळलं. इकडच्या शेतकऱ्यानं ना लिंकनला मत दिलं होतं, ना विरोधात. तुमच्या रशियन तेलासारखंच.

पण उलटंही घडतं. बाजार राजकारणाला वाकवतो. ट्रम्पसाहेबांनी एप्रिल 2025 मध्ये टॅरिफ जाहीर केले आणि थोड्याच दिवसांत स्मार्टफोन वगळले, कारण फोन महागला तर अमेरिकन मतदार बोंब मारणार. नोव्हेंबर 2025 मध्ये कॉफी, चहा, केळी, मसाले, बीफ यांच्यावरचा जादा कर काढला. कॉफी अमेरिकेत मुख्य भूभागावर फारशी पिकत नाही, दुकानातली पाटी रोज बदलत होती आणि त्याच महिन्यात तिथल्या काही राज्यांच्या निवडणुकांत महागाई गाजली होती. आपल्या चिक्कमगळूर-कोडगूच्या मळेवाल्यांना तेवढा दिलासा.

म्हणजे कर हटला तो जिथं दर डोळ्याला दिसतो तिथं. तुमचं कास्टिंग पंपाच्या आत असतं, पंप कारखान्यात असतो, आणि कुठलाही मतदार किराणा आणायला गेल्यावर पंपाचं बिल बघत नाही. म्हणून तुमच्यासाठी कोणी सही फिरवत नाही. आता हेच साखरेला लावा. दिल्लीला किरकोळ दुकानातला साखरेचा दर दिसतो, उसाचं थकलेलं बिल दिसत नाही.

चिकोडीचा_ऊसवाला

सर, शेवटचा परिच्छेद गुर्लापूरच्या स्टेजवर वाचायला पाहिजे होता.

बैलहोंगल_बाजू

डस्टर सर, कापूस काढलाच तर आमचंही ऐका. अमेरिकेच्या टॅरिफनं तिरुपूरचे कपडेवाले अडचणीत आले. त्यांना मदत म्हणून दिल्लीनं 19 ऑगस्ट 2025 पासून परदेशी कापसावरची 11 टक्के आयात ड्युटी माफ केली. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमकी आमची वेचणीची वेळ. ट्रम्पनी मारलं तिरुपूरला आणि वळ उठले बैलहोंगल-सवदत्तीच्या काळ्या रानात. लेथ, तुम्ही निदान बोलणीला बसणार आहात. आम्हाला कोणी बोलावलंच नाही.

सध्या_पुणे

पण ड्युटी माफ केली नसती तर तिरुपूरच्या बायकांची कामं गेली असती. कुणाला तरी लागणारच.

बैलहोंगल_बाजू

लागू द्या की. पण कुणाला लागू द्यायचं हे ठरवताना खोलीत कोण होतं, एवढंच विचारतोय.

भट्टीवाला

मी फाउंड्रीवाल्यांच्या बाजूनं बोलतो, नाहीतर सगळे आम्हालाच शिव्या घालतील. लेथराव, तुमचा फाउंड्रीवाला दोन्हीकडून दाबला जातोय.

फेब्रुवारी 2022 ला युक्रेनचं युद्ध पेटलं. रशिया आणि युक्रेन दोघेही पिग आयर्नचे (आम्ही भट्टीत वितळवतो त्या कच्च्या लोखंडाचे) मोठे निर्यातदार. जगात तुटवडा पडला, परदेशी गिऱ्हाइकं आपल्याकडं वळली आणि इथला दर भडकला. आम्ही ओरडलो. मे महिन्यात केंद्रानं पिग आयर्नवर 15 टक्के आणि लोहखनिजावर 50 टक्क्यांपर्यंत निर्यात ड्युटी लावली. आम्हाला आनंद, पोलादवाल्यांना मिरच्या झोंबल्या. नोव्हेंबरात ती ड्युटी काढूनही टाकली. पोलादवाल्यांचा आवाज मोठा आहे, काय बोलणार.

मग 2025 च्या जानेवारीत कमी राखेच्या कोकच्या (भट्टीत जाळायच्या भाजलेल्या कोळशाच्या) आयातीवर देशवार मर्यादा आली. देशातल्या कोक बनवणाऱ्यांना संरक्षण म्हणे. ज्यांच्या भट्ट्या विजेच्या इंडक्शनवर आहेत ते सुटले, कोक जाळणारे क्युपोला भट्टीवाले अडकले. कोकमध्ये राख वाढली की धातूला उष्णता कमी मिळते, स्लॅग (धातूवरचा मळ) वाढतो, पातळ भिंतीचं कास्टिंग साच्यात पूर्ण भरत नाही आणि रिजेक्शनचा ढीग लागतो. दिल्लीत फायलीवर ती एक टक्केवारी असते, इथं फेटलिंगच्या (कास्टिंग साफ करणाऱ्या) पोरांना तोच माल परत भट्टीत टाकावा लागतो.

तेव्हा लेथराव, फाउंड्रीवाला सूट मागतो तेव्हा तो चोर असेलच असं नाही. (असतोही. पण असेलच असं नाही.)

गोकाकचा_बसू

नमस्कार री सगळ्यांना. माझी मातृभाषा कन्नड, चूकभूल माफ करा.

भट्टीवाले साहेब लोहखनिजाचं बोलले म्हणून सांगतो. बळ्ळारीचं सोनं चीननं केलं. बीजिंग ऑलिम्पिकच्या आधीची ती वर्षं, चीनला पोलाद पाहिजे होतं, दर चढला, जिकडं-तिकडं लाल मातीचे ट्रक. रस्ते, झाडं, घरं, सगळं लाल. त्या पैशानं आमच्या राज्याचं राजकारण बदललं, हे लहान पोराला पण ठाऊक. 2010 ला राज्यानं खनिजाची निर्यात थांबवली. 2011 च्या जुलैत बेकायदा खाणकामावर लोकायुक्तांचा अहवाल आला, मुख्यमंत्री येडियुरप्पांना खुर्ची सोडावी लागली, सुप्रीम कोर्टानं बळ्ळारीतलं खाणकाम थांबवलं. आता सांगा, बीजिंगमधल्या बांधकामानं बेंगळूरूचं सरकार हललं की नाही?

अजून एक मजा. 20 मे 2022 ला सुप्रीम कोर्टानं कर्नाटकच्या खनिजाला परत निर्यातीची मुभा दिली. दुसऱ्या दिवशी केंद्रानं ती 50 टक्क्यांची ड्युटी जाहीर केली. एक दिवस, फक्त एक दिवस दार उघडं होतं री!

वडगावचा_वाह्यात

बसूअण्णा, तुमचं मराठी आमच्या पोरांपेक्षा बरं हाय. ऊसवाल्यांच्या दारापेक्षा तुमचं दार लवकर बंद झालं, एवढंच.

बी_आणि_गर

खानापूरहून लिहितेय. आमच्या भागात आणि शेजारी चंदगडला काजूचे छोटे कारखाने घरोघरी आहेत. बी वाफवायची, गार झाली की पायाच्या कटरवर फोडायची, गर सुकवायचा, मग बायका बसून साल काढतात. अख्खा निघाला तर चांगला दर, तुकडा झाला की तोच गर निम्म्याच्या आसपास जातो. फोडताना चिकानं बोटं सोलवटतात, ती वेगळीच.

इथली बी वर्षभर पुरत नाही, म्हणून आफ्रिकेतली येते. म्हणून आमच्या कामाचं वेळापत्रक आफ्रिकेतले राष्ट्रपती ठरवतात! 2018 ला टांझानियात व्यापाऱ्यांनी दर पाडून मागितला, तर तिथले राष्ट्रपती मागुफुली यांनी सैन्याला सांगितलं, सगळी बी तुम्हीच उचला. किलोला 3,300 शिलिंग. अलीकडं बेनिननं कच्ची बी बाहेर पाठवणंच बंद केलं, आमच्याच देशात फोडा म्हणाले. त्यांचं काय चुकलं? आफ्रिकेनं बी पिकवायची आणि पैसा फोडणाऱ्यानं न्यायचा, हे किती दिवस चालायचं. पण बेनिनच्या बाईला काम मिळालं की ते इथल्या बाईच्या हातून जातं, हेही खरंच.

आणि व्हिएतनाम आहेच. त्यांनी फोडणीची यंत्रं आणली, सरकार पाठीशी उभं राहिलं, 2006 च्या सुमाराला आपल्याला मागे टाकून गर निर्यातीत पहिले झाले. अमेरिकेनं मसाले-कॉफीबरोबर काजूवरचाही जादा कर काढला, तो दोघांसाठीही काढला, त्यामुळं आमची पायरी होती तिथंच राहिली.

चिकोडीचा_ऊसवाला

ताई, 3,300? टांझानियात किलोला शिलिंग, गुर्लापुरात टनाला रुपये. आकडा तोच! आमच्याकडं सैन्य आलं नाही एवढंच.

वडगावचा_वाह्यात

सैन्य यायला कशाला, हिवाळी अधिवेशनाला अख्खं बेंगळूरू येतंय की. इथला सुवर्णसौध (विधानभवन) भरला की हॉटेलात रूम मिळत नाही. हा पण बाजार आणि राजकारणाचाच संबंध, लिहून घ्या सर.

निपाणीकर_आण्णा

सगळे सरकारवर घसरलात. व्यापाऱ्याला सोडू नका. 1981 ला आम्ही शरद जोशींच्या मागं निपाणीत हायवेवर बसलो ते तंबाखूच्या दरासाठी. तिथं ना ट्रम्प होता ना निर्यातबंदी. मोजके व्यापारी होते. माल घरात पडून खराब होणार हे त्यांना माहीत, सावकाराचा तगादा लागलाय हेही माहीत. प्रतीला नावं ठेवायची, वजनात कापायचं आणि सगळ्यांनी एकच दर बोलायचा. त्याला खुला बाजार म्हणायचे. पोलीस आले, गोळीबार झाला, माणसं गेली. बाजारातही राजकारण असतं बाबांनो, त्याला निवडणूक नसते एवढाच फरक.

सध्या_पुणे

आण्णा, हे मान्य. मोजक्यांचं संगनमत असेल तर तो खुला बाजार नव्हेच. पण त्यावर उपाय म्हणून सीमा बंद करू नका. निपाणीतल्या दहा व्यापाऱ्यांऐवजी शंभर येऊ द्या.

निपाणीकर_आण्णा

शंभर येतात. चहा पितात. एकच दर बोलतात.

चिकोडीचा_ऊसवाला

सीमा बंदचं निघालं म्हणून आठवण करून देतो. सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रानं परराज्यात ऊस न्यायला बंदी घातली होती! तिकडच्या कारखान्यांना गाळपाला ऊस कमी पडू नये म्हणून. स्वाभिमानी शेतकरी संघटनावाले आणि शेतकरी खवळले, काही दिवसांतच आदेश मागं घेतला. दिल्लीनं परदेशासाठी दार लावलं तर समजू, मुंबईनं चिकोडीसाठी लावलं. राज्याच्या सीमेवर कोगनोळी नाक्यावर ऊसाला पासपोर्ट!

सीमा_सत्याग्रही

म्हणूनच म्हणतो, हा भाग महाराष्ट्रात असता तर हा प्रश्नच

संपादक

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे आणि तो पुरेसा पेटलेला आहे. इथं टॅरिफ, ऊस, काजू, कापूस. प्रतिसाद अर्धाच ठेवला आहे, राग मानू नये.

गोकाकचा_बसू

संपादक साहेबांनी पण निर्यातबंदी लावली!

खडू_डस्टर

सध्या_पुणे, तुम्ही म्हणता नियम सारखे असावेत. त्यासाठी जागतिक व्यापार संघटना काढली होती 1995 मध्ये. आपल्या साखर अनुदानाविरुद्ध ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला तिथं गेले, डिसेंबर 2021 मध्ये निकाल आपल्या विरोधात लागला. आपण अपील केलं. पण अपील ऐकणाऱ्या मंडळावर डिसेंबर 2019 पासून पुरेसे सदस्यच नाहीत, कारण अमेरिकेनं नेमणुका अडवून ठेवल्यात. म्हणजे आपली फाइल अशा कोर्टात आहे जिथं न्यायाधीश नाहीत, आणि आपल्याला त्याचा तोटा काहीच नाही. अमेरिकेच्या दांडगाईचा फायदा चिकोडीला झाला असं म्हणायला हरकत नसावी.

आणि ज्या ब्राझीलनं तक्रार केली त्याचा साखर उद्योग शुद्ध बाजारानं वाढला असं समजू नका. 1973 ला तेल भडकलं, परकीय चलन संपत आलं, तेव्हा तिथल्या लष्करी सरकारनं 1975 पासून गाड्यांत उसाचं अल्कोहोल घालायची योजना आणली, स्वस्त कर्जं दिली. आज तिथले बरेच कारखाने पेट्रोलचा दर बघून ठरवतात, साखर करायची की इथेनॉल. चिकोडीच्या दराला ब्राझीलमधल्या पंपावरचा आकडा असा चिकटलेला आहे.

वडगावचा_वाह्यात

सर, तास संपला. घंटा झाली.

एचएस_कोड

उशिरा आलो, पण लेथरावांचा मूळ प्रश्न तसाच पडलाय. शनिवारची बोलणी! मी निर्यातीची कागदपत्रं करतो.

पहिली गोष्ट, कायद्यानं ड्युटी भरतो अमेरिकेतला आयातदार. तुमचा फाउंड्रीवाला माल जहाजावर चढवून मोकळा होत असेल तर ड्युटीचा त्याच्याशी संबंध नाही. ड्युटीसह दारात पोचवायचा करार असेल तर मात्र तो गळ्यापर्यंत बुडालाय. तेव्हा आधी विचारा, करार कुठला? हे न विचारता सूट देऊ नका.

दुसरी, कोड (कस्टमला मालाचा प्रकार सांगणारा आकडा). एकाच भट्टीतला माल, पण मोटारीचा सुटा भाग म्हणून गेला तर मे 2025 पासून 25 टक्के, तुमच्यासारखा पंपाचा भाग म्हणून गेला तर 2025 च्या अखेरीस 50 होते. कोड आपल्या मनानं बदलायचा नसतो, ते पकडतात आणि दंड मोठा असतो. पण काही जण वर्षानुवर्षं जुनाच कोड टाकत असतात, तो बरोबर आहे का ते तिकडच्या कस्टम ब्रोकरकडून तपासून घ्यायला सांगा.

तिसरी, गिऱ्हाइकाला दुसरा माल किती दिवसांत मिळेल? नवीन पॅटर्न, सॅम्पल, तपासणी, मंजुरी यात महिने जातात. तो लगेच चीनकडं पळू शकत नाही, तिकडंही टॅरिफ आहेच. म्हणजे तुमच्याही हातात काहीतरी आहे. तुमच्या कॉलेजातलं मागणी-पुरवठा इथं कामाला येतं.

उद्यमबागचा_लेथ

सगळ्यांचे आभार. ‘थोतांड’ मागे घेत नाही, पण एचएस_कोड यांच्या तिसऱ्या मुद्द्यानं हिंमत आली. फाउंड्रीवाल्याला फोन केला. करार जहाजापर्यंतचाच आहे! ड्युटी आयातदारच भरतोय, आणि सूट मागतोय ती भरलेल्यातला काही भाग परत काढायला. आता थोडी सूट द्यायची तयारी आहे, कारण माणसं बसवून ठेवणं परवडत नाही. कागदावर काय लिहून घेऊ?

एचएस_कोड

दोन ओळी. सूट फक्त ह्या जादा ड्युटीपुरती, ड्युटी कमी झाली किंवा उठली त्या तारखेपासून जुना दर आपोआप लागू. आणि भरलेल्या ड्युटीचा परतावा गिऱ्हाइकाला कधी मिळालाच, तर दिलेल्या सुटीच्या प्रमाणात तुमचा वाटा. फाउंड्रीवाल्याच्या गिऱ्हाइकाबरोबरच्या करारात आणि तुमच्या त्याच्याबरोबरच्या करारात, दोन्हीकडं पाहिजे. नाहीतर परतावा तिथंच मुरेल.

भट्टीवाला

मुरेल हे फाउंड्रीवाला म्हणून छातीठोक सांगतो. लिहून घ्या.

बैलहोंगल_बाजू

कापसाच्या करारात कुठं टाकायच्या ह्या दोन ओळी? आमच्याकडं करारच नसतो.